आकुर्डीच्या जपानी बाई

रविवारी दुपारी आमच्या बाई रावेतच्या एका मोठ्या सुपरमार्केटात जाऊन भाजीच्या रांगेत दोडक्यांपाशी उभ्या राहायच्या. विकत काही घ्यायचं नसे. कडक इस्त्रीची सुती साडी, पायात मुलाने आणून दिलेले पळायचे बूट, खांद्याला कापडी पिशवी आणि नजर दाराकडे. चाकणच्या कंपन्यांत आलेले जपानी इंजिनिअर सुट्टीच्या दिवशी तिथे सामान घ्यायला येतात, हे त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं. एखादा आला, टोपली घेऊन भाजीकडे वळला आणि गोंधळून उभा राहिला, की बाई दोडका हातात घेऊन त्याच्यापुढे जात आणि म्हणत, "सुमिमासेन." म्हणजे, माफ करा, जरा बोलू का.

मग त्या माणसाची लवकर सुटका नसे. दोडका कोवळा कसा ओळखायचा, शिरा कशा काढायच्या, त्या शिरांची चटणी कशी होते, सगळं जपानीत. शब्द अडला की बाई डोळे मिटून थांबत. समोरच्याने मदत म्हणून एखादा इंग्रजी शब्द पुढे केला तर हात आडवा करत. काही जण लाजत, काही कमरेत वाकत वाकत मागे सरकत आणि बिस्किटांच्या रांगेत नाहीसे होत. एक वयस्कर गृहस्थ मात्र दर रविवारी यायला लागले. त्यांना दोडका अजिबात आवडत नव्हता. पण बाईंनी शिकवलेली भाज्यांची नावं ते घरी फोन करून बायकोला ऐकवायचे, आणि बायको हसायची म्हणे. तेवढ्यासाठी यायचे.

तिथल्या सुरक्षारक्षकाने एकदा विचारलं, "मावशी, तुम्ही इथं कामाला आहात का?"

"नाही, शाळेत आलेय," बाई म्हणाल्या.

आमच्या जपानीच्या वर्गात मात्र त्या याला शिकार म्हणत. "काल शिकार चांगली झाली," असं सोमवारी त्यांनी सांगितलं, की आम्ही समजायचो, कुणीतरी बिचारा दोडक्यापाशी सापडला.

वर्ग त्यांच्या घरीच असे. आकुर्डीत, स्टेशनच्या अलीकडे, एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. बाहेरच्या खोलीतला सोफा त्यांनी केव्हाच कुणाला तरी देऊन टाकला होता आणि त्या जागी बंद पडलेल्या शाळेचे बाक आणले होते. बाक लहान मुलांचे. आम्ही सगळे कंपन्यांत काम करणारे, पहिली शिफ्ट संपवून आलेले. गुडघे छातीशी घेऊन बसायचो. कुणी कुरकुर केली तर बाई म्हणत, "लहान झाल्याशिवाय भाषा येत नाही. बाक बरोबर आहेत, तुम्ही मोठे झालात."

मी पिंपरीची. वडील कारखान्यातून निवृत्त झालेले. मी चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत स्टोअरमध्ये होते. आमच्याकडे जपानी लोक येत, त्यांच्याबरोबर एक दुभाषी मुलगी येई, आणि ती बोलायला लागली की आमचे मोठे साहेबसुद्धा गप्प बसून ऐकत. मला तसं व्हायचं होतं. पण मनात एकच धास्ती होती, आणि पहिल्याच दिवशी मी ती बाईंना सांगून टाकली.

"बाई, माझं इंग्लिश वीक आहे. चालेल ना?"

"मी विचारलं का तुला? तुला किती भाषा येतात ते सांग."

"मराठी. हिंदी. आणि इंग्लिश थोडं."

"बरं. रविवारी सकाळी जादा वर्ग घेतला तर येशील?"

"रविवारी सकाळी विहारात वंदना असते, बाई. लहानपणापासून मीच सांगते, बाकीचे मागून म्हणतात."

"वंदना कुठल्या भाषेत?"

"पालीत."

"पाठ आहे? अर्थ कळतो?"

"हो, सगळा."

"मग ती का नाही मोजलीस?"

जी भाषा मी चालायला लागल्यापासून म्हणत होते ती भाषा म्हणून मोजायची असते, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. घरी जाऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "त्या बाईंना सोडू नकोस."

बाईंची सगळी भांडणं एका गोष्टीशी होती. इंग्रजीशी नव्हे, त्या इंग्रजी पुस्तकं शब्दकोश घेऊन वाचायच्या. शुद्ध मराठीचंही वेड नव्हतं. कुणी शिफ्टला पाळी म्हटलं तर हसायच्या. त्यांचा राग होता तो मधल्या दलालावर. जपानी शिकायचं तर आधी इंग्रजी पक्कं पाहिजे, हे वाक्य ऐकलं की त्यांचा आवाज चढायचा. "पिंपरीहून चिंचवडला जायचंय, शेजारचं स्टेशन. आणि तुम्ही पोरांना सांगता, आधी लोणावळ्याला जाऊन या."

मग त्या फळ्यावर लिहीत: "येता का?" आणि त्याच्या खाली देवनागरीतच, "किमास का?"

"बघा. त्यांचा का, आपला का. दोन्ही शेवटी. क्रियापद त्यांचं शेवटी, आपलंही शेवटी. आपण चाकणला म्हणतो तेव्हा ‘ला’ चाकणच्या मागे लावतो, तेही मागेच लावतात. आज उकडतंय ना, यातला ‘ना’ त्यांच्याकडे ‘ने’ आहे. एवढी जवळची माणसं आहेत ही, आणि तुम्ही घाबरताय कुणाला?"

परभणीकडचा गजानन नावाचा एक मुलगा होता, कंत्राटी कामगार. तो वर्गात आल्या आल्या पुणेरी मराठी बोलायचा प्रयत्न करायचा, वाक्य जपून जपून उच्चारायचा. बाईंनी त्याला पहिल्याच आठवड्यात अडवलं. "घरी आईशी काय बोलतोस तसं बोल. उसन्या मराठीवर तू तिसरी भाषा कुठे बांधणार?" तेव्हापासून तो "बाई, मी यायलो," "बाई, मला कळंना गेलंय," असं खुशाल बोलायला लागला आणि त्याचं जपानीही मोकळं झालं.

खालच्या भाजीवालीला मात्र यातलं काही पटत नसे. ती इथल्याच जुन्या गावठाणातली. बाई सराव म्हणून तिच्याकडेही जपानीत मागायच्या.

"बाई, ह्ये काय बोलता तुमी? शिव्या तर न्हाई ना देत?"

"कोथिंबीर मागतेय गं."

"मंग मराठीत मागा की. मराठीत सस्ती देते."

बाई मूळच्या जपानी शिकवणाऱ्या नव्हत्या. महापालिकेच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर मराठी शिकवलं. शेवटच्या काही वर्षांत वर्ग रिकामे होत गेले, दोन तुकड्यांची एक झाली, मग ती एकही दुसऱ्या शाळेत गेली. त्याबद्दल त्या फारसं बोलत नसत. पण एक प्रसंग त्यांनी आम्हाला सांगितला होता. त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने दसऱ्याच्या पूजेला त्यांना आपल्या कंपनीत नेलं. मशिनांना झेंडूच्या माळा, कामगारांची बायकामुलं नवे कपडे घालून फिरताहेत. एका मशिनपाशी तो विद्यार्थी आणि एक जपानी इंजिनिअर काहीतरी बोलत होते. दोघंही इंग्रजीत. दोघांनाही ती धड येत नव्हती.

"दोघं हुशार होते गं," बाई म्हणाल्या. "दोघांना आपलं काम पक्कं माहीत होतं. आणि दोघं परक्याच्या घरात अंधारात आपापली चप्पल शोधत होते. मला बघवेना."

त्या पुण्यात जपानीच्या एका वर्गाला गेल्या. वय पंचावन्नच्या पुढे, सोबतीला कॉलेजची मुलं. तिथे सगळं इंग्रजीतून. शिकवणाऱ्यांनी प्रेमानेच सांगितलं, "आजी, आधी इंग्लिश सुधारून या." बाईंनी वर्ग सोडला नाही. मागच्या बाकावर बसून प्रत्येक धडा घरी आणायच्या, इंग्रजीतून मराठीत उलगडायच्या आणि मग जपानी काय म्हणतंय ते बघायच्या. जपानीच्या परीक्षेच्या सगळ्या पायऱ्या त्यांनी अशाच चढल्या. आणि मग ठरवलं, की आपल्यामागून येणाऱ्यांना हा वळसा पडू द्यायचा नाही.

त्यांनी शिकवलेली एक गोष्ट मला कंपनीत कामी आली. मी तोवर स्टोअरमधून बैठकांना बसायला लागले होते. एका बैठकीत आमच्या साहेबांनी माल देण्याची तारीख अलीकडे मागितली. समोरचे जपानी गृहस्थ बराच वेळ कागदाकडे बघून म्हणाले, "मुझुकाशिइ देस ने." शब्दशः अर्थ, अवघड आहे ना. साहेब खूश झाले. अवघड आहे म्हणजे जोर लावला तर होईल, असं ते मराठीत माझ्या कानाशी म्हणाले.

मला बाईंचा वर्ग आठवला. त्यांनी विचारलं होतं, "आपल्याकडे एखाद्याने ‘बघू’ म्हटलं तर त्याचा अर्थ काय?" सगळा वर्ग म्हणाला होता, "नाही." "मग यांचं ‘अवघड आहे’ म्हणजे आपलं ‘बघू’."

मी साहेबांना म्हटलं, "सर, ते नाही म्हणताहेत."

"नाही कुठे म्हणाले?"

"आपण सोयरिकीला ‘बघू’ म्हणतो तसं म्हणाले."

साहेबांनी कागद पुन्हा जवळ ओढला. मग त्यांनी दुसरी तारीख सुचवली आणि समोरच्या माणसाने पहिल्यांदा खुर्चीला पाठ टेकली. त्यानंतर मला बैठकीतून कुणी उठवलं नाही.

गणपती होऊन गेल्यावरचे दिवस होते. मी तेव्हा विद्यार्थिनी राहिले नव्हते, पण आठवड्यातून एकदा बाईंना मदत करायला जायचे. डिसेंबरच्या परीक्षेला बसणारी तुकडी जोरात होती, गजानन त्यातच. बाई फळ्यावर लिहीत होत्या. खडू खाली पडला. त्या आमच्याकडे वळल्या, तोंड उघडलं, आणि शब्द आला नाही. ओठांचा एक कोपरा खाली गेलेला मला दिसला. गजाननने धावत जाऊन त्यांना धरलं. आम्ही रिक्षाने त्यांना पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. वेळेत पोचलो, असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचला. उजवा हात आणि पाय लुळा पडला होता, आणि बोलणं गेलं होतं.

बाईंचा मुलगा रावेतला राहायचा, हिंजवडीला मोठ्या हुद्द्यावर होता. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. चाळिशी ओलांडलेले, शांत. बाईंनी आयुष्यभर मराठी शिकवलं, पण वडिलांच्या आग्रहामुळे दादा इंग्रजी शाळेत गेले होते. मायलेकांत वितुष्ट नव्हतं. दादा दर रविवारी संध्याकाळी येत, जेवलीस का, औषध घेतलंस का, गाडी सावकाश चालव, एवढं बोलणं होई. आमच्या वर्गाबद्दल त्यांना आईचा एक छंद यापलीकडे काही वाटत नसावं.

काही दिवसांनी डॉक्टर तपासायला आले तेव्हा दादा आणि मी दोघंही तिथे होतो. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, नाव काय तुमचं?"

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. समजलं होतं, ते डोळ्यांत दिसत होतं. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. आणि मग अगदी हळू, पण स्पष्ट आवाज आला, "मोऽ... इचिदो."

"काय म्हणाली?" दादांनी मला विचारलं.

"‘पुन्हा एकदा,’ असं म्हणाल्या. जपानीत."

वर्गात त्या सगळ्यात जास्त काय बोलायच्या, तर हेच. कुणाचा उच्चार चुकला, मोऽ इचिदो. बरोबर आला तरी मोऽ इचिदो. डॉक्टरांनी नाव पुन्हा विचारलं, बाईंनी पुन्हा तेच उत्तर दिलं. त्यांना सांगायचं दुसरंच होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पण वाट तेवढीच उघडी होती.

डॉक्टरांनी समजावलं, की असं कधी कधी होतं. लहानपणापासूनची भाषा अडकून बसते आणि मागाहून शिकलेली आधी परत येते. का, ते नेमकं सांगता येत नाही. ऐकलेलं मराठी त्यांना सगळं कळतंय. बोलायला वेळ लागेल. किती, तेही सांगता येत नाही.

पुढच्या दिवसांत एकेक शब्द येत गेला. मिझु, म्हणजे पाणी. इताइ, म्हणजे दुखतंय. मी कंपनीतून सुटले की दवाखान्यात जायचे, आणि मला बघितलं की नर्सबाई हुश्श करायच्या. एक दिवस संध्याकाळी दादा पलंगाशी बसले होते. बाई छताकडे बघत होत्या, डोळ्यांच्या कडेने पाणी येत होतं. दादा म्हणाले, "आई, काय होतंय? दुखतंय का?"

"चिगाउ," बाई म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "कोवाइ."

दादांनी माझ्याकडे बघितलं. चाकणच्या बैठकांत मी किती वाक्यं इकडची तिकडे केली होती. हा एक शब्द मात्र माझ्या तोंडातून निघेना.

"नाही म्हणाल्या. दुखत नाही," मी म्हटलं. "भीती वाटतेय म्हणाल्या."

नंतर बाहेरच्या व्हरांड्यात दादा मला म्हणाले, "माझे वडील गेले तेव्हासुद्धा आई असं कधी बोलली नाही." मग जरा वेळाने, "‘मी आहे इथे’ हे कसं म्हणतात?"

मी सांगितलं. "कोको नि इरु यो." त्यांना ते लगेच जमेना. औषधाच्या दुकानापाशी उभे राहून ते पुटपुटत राहिले. आत गेले, आईचा डावा हात धरला आणि म्हणाले. उच्चार चुकला. बाईंनी त्यांच्याकडे मान वळवली, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाल्या, "मोऽ इचिदो."

दादांनी पुन्हा म्हटलं. त्या दिवशी ते किती वेळा म्हणाले, मी मोजलं नाही. मी तिथून बाहेर आले.

बाई घरी आल्या तेव्हा पहिला वाद वर्गावरून झाला. दादांनी सगळं ठरवलं होतं. आईला रावेतला न्यायचं, सांभाळायला नर्स ठेवायची, बाक एखाद्या शाळेला देऊन टाकायचे. आम्हालाही ते बरोबर वाटत होतं. दादा हे सगळं शांतपणे सांगत असताना बाई काठी टेकत उठल्या, बाहेरच्या खोलीत गेल्या आणि फळ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या.

"आई, तुला बोलता येत नाहीये. शिकवणार कशी?"

"चिगाउ."

"हे काय?" दादांनी मला विचारलं. "हे तर ती रोज म्हणते."

"‘चूक’ म्हणताहेत. ‘असं नाहीये.’"

बाईंनी डावा हात आमच्याकडे केला, मग स्वतःच्या छातीवर ठेवला. "निहोंगो," म्हणाल्या. जपानी. मग गजाननकडे बोट केलं. बोट तसंच ठेवून तोंड उघडून शब्द शोधत राहिल्या, तो आला नाही. गजाननला ते कळलं. तो म्हणाला, "बाई जपानी बोलत्याल, मराठी आम्ही बोलू. असंच ना, बाई?"

बाईंनी मान हलवली आणि फळ्याकडे काठी दाखवली. म्हणजे सुरू करा.

ज्या बाईंनी मराठीचा हात धरून आम्हाला जपानीत नेलं, त्यांच्याकडे आता मराठी नव्हतं. त्या जपानीत बोलत, तेही तुटक. गजानन त्याचं मराठी करी. चुकलं तर "चिगाउ", बरोबर आलं तर मान डोलावत आणि ते मराठी वाक्य ओठांतल्या ओठांत घोळवत. आम्हाला हळूहळू लक्षात आलं, की वर्ग दोन्हीकडून चाललाय. पोरं जपानी शिकताहेत, आणि गजाननच्या तोंडून बाई एकेक मराठी शब्द परत उचलताहेत.

एक नियम त्यांनी पहिल्याच दिवशी घालून दिला, बोलता येत नसताना. शब्द अडला आणि कुणी पटकन पुढे केला, की त्या काठी जमिनीवर आपटत. मग सगळे थांबायचे. कधी कधी फार वेळ थांबायचे. दादांना ते सहन होत नसे, ते खिडकीशी जाऊन उभे राहत. पण शब्द आला की तो बाईंचा असायचा.

दादा सुरुवातीला आईजवळ कुणी असावं म्हणून वर्गाला थांबत. मग मागच्या बाकावर बसायला लागले, गुडघे छातीशी घेऊन. मग पुस्तक आणलं. मी विचारलं तर म्हणाले, "ती रोज कुणाला तरी काहीतरी सांगते आणि मला मधे तुम्ही लागता. मला ते नकोय."

त्या दोघांचं बोलणं मी ऐकलंय. दादांकडे मूठभर शब्द, बाईंकडे थोडे जास्त. दोघांकडे इतके कमी, की टोमणा मारायला पुरत नसत. "चहा?" "गोड नको." "पाय?" "कालपेक्षा बरा." "मी थकलोय." "झोप." एवढंच. पण हे "मी थकलोय" दादा आईला मराठीत कधी म्हणाले होते, मला शंका आहे.

मराठी परत यायला लागलं ते एका गुरुवारी. एक मुलगी गृहपाठ न करता आली होती. बाईंनी तिच्याकडे बघितलं, भुवया चढवल्या, आणि आम्ही वाट बघत राहिलो.

"कामून?" बाई म्हणाल्या.

क्षणभर कुणाला कळलंच नाही. कामून म्हणजे का, कशासाठी. अगदी गजाननच्या गावचा शब्द. उभं आयुष्य शुद्धलेखनाच्या वह्या तपासलेल्या बाईंचं मराठी परभणीच्या वाटेने परत आलं होतं. गजानन लाजून लाल झाला. "बाई, तो माझा शब्द हाय, तुमचा नाही," म्हणाला. आणि बाई हसल्या. आजारी पडल्यापासून पहिल्यांदा, मोठ्याने. दादा मागच्या बाकावर चष्मा काढून पुसत होते.

त्यांना नंतर ‘का’ सुद्धा बोलता यायला लागला. पण ‘कामून’ त्यांनी सोडला नाही.

तुकडी डिसेंबरला परीक्षेला बसली. निकाल लागला तेव्हा एक मुलगी राहिली, बाकीचे पास झाले. गजानन काठावर पास झाला. तो पेढे घेऊन आला, गुण सांगितले. बाईंनी पेढा खाल्ला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "मोऽ इचिदो." त्याला वाटलं ऐकू आलं नाही, म्हणून त्याने पुन्हा गुण सांगितले. बाईंनी काठी आपटली. परीक्षा पुन्हा दे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याने दिली. चांगल्या गुणांनी सुटला. आता जपानमध्ये असतो आणि फोन करून बाईंना सांगतो, की इथली माणसं माझ्या जपानीला कुठल्याशा गावाकडचं जपानी समजायली.

बाईंचं बोलणं सगळं परत आलं नाही. लहान वाक्यं येतात. लांब वाक्य मधेच अडकतं, मग जपानीवर जातं आणि कधी परत येतं, कधी येत नाही. त्या डॉक्टरांकडे जातात, व्यायाम करतात, वर्ग घेतात. रावेतला राहायला गेल्या नाहीत. दादाच आता आठवड्यातले तीन दिवस आकुर्डीला राहतात.

गेल्या डिसेंबरात दादा परीक्षेला बसले. सगळ्यात खालची पायरी. केंद्र पुण्यात एका शाळेत होतं. बाईंनी येण्याचा हट्ट धरला, म्हणून मी गाडीतून त्यांना घेऊन गेले. आत परीक्षा देणारे सगळे वीस-बावीस वर्षांचे, आणि त्यांच्यात एक टक्कल पडायला लागलेले दादा. आम्ही फाटकाबाहेर एका कट्ट्यावर बसलो. बाईंनी मांडीवर डबा धरला होता, त्यात घावन आणि चटणी. दुपार झाली तरी त्यांनी तो उघडला नाही, मलाही उघडू दिला नाही.

घंटा झाली. पोरं बाहेर यायला लागली, कुणी हसत, कुणी फोनवर. दादा शेवटी आले. आमच्याकडे येताना त्यांची चाल पेपर अवघड गेलेल्या पोराची होती, मी ती कुठल्याही शाळेच्या फाटकात ओळखली असती.

"कसा... गेला?" बाईंनी विचारलं. मराठीत.

"लिहायचं बरं गेलं. ऐकायच्या भागात गडबड झाली. ते फार भरभर बोलतात, आई."

बाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. ओठ हलले, थांबले. डोळे मिटले. काहीतरी येत होतं आणि वाटेत अडकलं होतं. मला शब्द ओळखता आला. दादांनाही आला असावा, त्यांचा चेहराच सांगत होता. पण आम्ही दोघंही बोललो नाही. रस्त्यावरून एक बस गेली, मग दुसरी. फाटकाचा शिपाई कुलूप घेऊन आला आणि आमच्याकडे बघून जरा थांबला.

"अभ्यास," बाई म्हणाल्या. एक मोठा श्वास घेतला. "अभ्यास कमी पडला तुझा."

"हो आई," दादा म्हणाले, आणि कट्ट्यावर त्यांच्या शेजारी बसून त्यांनी डबा उघडला.